किमान वेतनाचा आकडा लिहितं कोण?

मिसिसिपी हे अमेरिकेतलं सगळ्यात गरीब राज्य म्हणून ओळखलं जातं. तरीही तिथलं दरडोई उत्पादन डॉलरमध्ये मोजलं तर ते ब्रिटनच्या तोडीस तोड भरतं, अलीकडच्या काही वर्षांत तर किंचित वरच. आता दोन्हीकडच्या सगळ्यात कमी मजुरीवर काम करणाऱ्या माणसाकडे पाहू. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला तासाला १२.२१ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ डॉलरपेक्षा, कमी पैसे देणं बेकायदा झालं. मिसिसिपीत ही मर्यादा सव्वासात डॉलर आहे आणि ती २००९ पासून जागची हललेली नाही. श्रीमंत देशात किमान वेतन जास्त आणि गरीब देशात कमी, हा ढोबळ हिशेब जगाच्या नकाशावर चालतो. श्रीमंत देश एकमेकांशेजारी ठेवले की मात्र तो कोलमडतो.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड या पाच देशांत तर कायद्याने ठरवलेलं सरसकट किमान वेतन नाहीच. ऑस्ट्रिया आणि इटलीतही नाही. तरीही कोपनहेगनमध्ये मॅकडोनाल्ड्सच्या काउंटरवर उभा असलेला प्रौढ कर्मचारी तासाला २० डॉलरच्या आसपास कमावतो. हे त्या कंपनीचं औदार्य नव्हे. तिच्याकडून ते लढून घेतलं गेलं, आणि लढणारे बहुतेक जण तिचे नोकरही नव्हते.

मॅकडोनाल्ड्सने डेन्मार्कमधलं पहिलं दुकान १९८१ मध्ये उघडलं. तिथे प्रत्येक धंद्यात कामगार संघटना आणि मालकांची संघटना समोरासमोर बसून करार करतात आणि त्या धंद्यात नव्याने येणाऱ्याने त्यावर सही करावी अशी रीत आहे. रीत म्हणजे कायदा नव्हे, हे कंपनीच्या वकिलांनी अचूक ओळखलं आणि कंपनीने सही केली नाही. पुढची काही वर्षं निदर्शनं झाली, बहिष्काराची हाक दिली गेली. गिऱ्हाईक हटलं नाही. मग १९८८ च्या अखेरीस आणि १९८९ च्या सुरुवातीला इतर धंद्यांतल्या संघटना मैदानात उतरल्या. गोदी कामगार कंपनीचे कंटेनर उतरवून घेईनात. छापखान्यातले कामगार तिच्या जाहिराती आणि छापील माल हातात धरेनात. बांधकाम मजुरांनी नव्या दुकानांची कामं थांबवली, ट्रकचालकांनी माल पोचवायचं नाकारलं. थोड्याच काळात कंपनीने सही केली.

या गोष्टीतला कळीचा मुद्दा असा की डेन्मार्कमध्ये दुसऱ्याच्या भांडणासाठी संप करणं कायदेशीर आहे. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने अशा बहिष्काराच्या नाड्या आवळल्या. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९९० पर्यंत पाठिंब्याच्या संपाची सारी दारं बंद केली. संघटनांच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, की तळाच्या कामगाराला आधार म्हणून उरतो तो सरकारने लिहिलेला आकडा. हत्यार हातात असलेल्यांना तो आकडा नकोसा वाटतो. म्हणूनच युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२२ मध्ये किमान वेतनाविषयी निर्देश काढला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेला तो डेन्मार्क, आणि पाठीशी उभा राहिला स्वीडन. बाहेरच्याला हा प्रकार चक्रावून टाकतो. युरोपातले सगळ्यात भक्कम पगार घेणारे कामगार किमान वेतनाच्या कायद्याला विरोध का करतात? त्यांची भीती अशी की एकदा सरकारने आकडा लिहिला की पुढचं सरकार तो गोठवू शकतं, आणि मालक त्याच आकड्याला पुरेसं मानू लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्देशातल्या दोन तरतुदी रद्द केल्या, बाकीचा निर्देश कायम ठेवला. कायदाच करा अशी सक्ती त्यात मुळात कोणावरही नव्हती.

पाठिंब्याच्या संपाचं हे हत्यार गंजलेलं नाही, याचा अनुभव टेस्लाला स्वीडनमध्ये येतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये धातुकामगारांच्या ‘आयएफ मेताल’ संघटनेने करारासाठी टेस्लाच्या गॅरेजमध्ये संप पुकारला. मग गोदी कामगारांनी गाड्या उतरवणं बंद केलं, टपाल कामगारांनी नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटा पोचवणं थांबवलं, इलेक्ट्रिशियन चार्जिंगची यंत्रं दुरुस्त करेनासे झाले. इलॉन मस्क यांनी याला वेडेपणा म्हटलं. दोन वर्षं उलटली तरी ना कंपनी वाकली ना संघटना.

अमेरिकेची कहाणी वेगळ्या वळणाने गेली. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी स्त्रियांसाठी किमान वेतनाचे कायदे केले, पण कामगार आणि मालक यांच्यातल्या कराराच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ते मोडीत काढले. एल्सी पॅरिश ही वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची गावात हॉटेलच्या खोल्या साफ करणारी बाई. राज्याच्या कायद्याप्रमाणे आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते. हॉटेलने कमी दिले, तेव्हा ती थकबाकीसाठी कोर्टात गेली. रक्कम होती २१६ डॉलर १९ सेंट. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि आपलंच जुनं मत फिरवलं. त्या निकालाने वाट मोकळी झाली आणि दुसऱ्याच वर्षी, फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष आणि फ्रान्सिस पर्किन्स कामगारमंत्री असताना, देशभरासाठी तासाला २५ सेंटचं किमान वेतन लागू झालं.

पण त्या कायद्यात दोन भोकं जन्मापासूनच होती. दक्षिणेतल्या राज्यांच्या प्रतिनिधींची मतं मिळवण्यासाठी शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना त्यातून वगळलं गेलं, आणि दक्षिणेत ही कामं करणारे मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय होते. हे भोक पुढच्या काही दशकांत बरंचसं बुजवलं गेलं. दुसरं अजून तसंच आहे. आकडा महागाईबरोबर आपोआप वाढावा, अशी कुठलीच सोय कायद्यात नाही. प्रत्येक वेळी काँग्रेसने नवा कायदा करायचा. महागाईचा हिशेब धरला तर या वेतनाची सर्वाधिक किंमत १९६८ मध्ये होती, तेव्हा ते एक डॉलर ६० सेंट होतं. जुलै २००९ मध्ये सव्वासात डॉलर झालं आणि तिथेच थांबलं. टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची किमान रक्कम तर १९९१ पासून तासाला दोन डॉलर १३ सेंट आहे. टिप धरूनही सव्वासात भरले नाहीत तर वरचे पैसे मालकाने घालायचे असा नियम आहे. रोजच्या धबडग्यात तो हिशेब कोण मागतं, हा प्रश्न वेगळा.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये आकडा गोठला, तसा राज्यांनी आपापला लिहायला सुरुवात केली. वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये तो १६ डॉलर ६६ सेंट होता, कॅलिफोर्नियात साडेसोळा. फ्लॉरिडाच्या मतदारांनी २०२० मध्ये टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर जायला कौल दिला, आणि त्याच मतदानात त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांनाही आपल्या राज्यात विजयी केलं. म्हणजे मतदाराला थेट विचारलं तर पक्षाची रेघ पुसट होते. याउलट अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि टेनेसी या पाच राज्यांनी स्वतःचा किमान वेतन कायदाच केलेला नाही, तिथे केंद्राचा आकडा चालतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराने तासाला १० डॉलर १० सेंट द्यायचं ठरवलं, तेव्हा २०१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने घाईघाईने कायदा करून शहरांचा हा अधिकारच काढून घेतला. एकाच देशात, एकाच चलनात, एकाच कंपनीच्या दोन दुकानांत दुपटीहून अधिक फरक पडतो, त्यामागे उत्पादकता किती आणि हा असला कायदेशीर डावपेच किती, याचा अंदाज वाचकाने बांधावा.

आकडा न्यायाधीशाने लिहिला तर? ऑस्ट्रेलियात तेच झालं. मेलबर्नजवळ ह्यू मॅके यांचा शेतीयंत्रांचा मोठा कारखाना होता. कामगारांना ‘रास्त आणि वाजवी’ वेतन देणाऱ्या कारखानदारांना अबकारी करात माफी, असा त्या वेळचा कायदा होता. मॅके यांनी माफी मागितली. रास्त म्हणजे किती, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रकरण न्यायमूर्ती हेन्री हिगिन्स यांच्यापुढे आलं. त्यांनी कारखान्याचा नफातोटा बाजूला ठेवला आणि मजुरांच्या बायकांना घरखर्च विचारला: भाडं किती, किराणा किती, मांस, दूध, पाव, सरपण किती. त्यांनी असंही नोंदवलं की या यादीत बूट, कपडे, वर्तमानपत्रं, ट्रामचं भाडं, आजारपण, करमणूक यांचा समावेशच नाही. १९०७ मध्ये त्यांनी निकाल दिला: सुसंस्कृत समाजात राहणाऱ्या माणसाच्या सर्वसाधारण गरजा भागतील इतकं वेतन म्हणजे रास्त वेतन, आणि बायको व तीन मुलं असलेल्या अकुशल मजुरासाठी ते दिवसाला सात शिलिंग. मॅके यांची करमाफी गेली. पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो करकायदा रद्द ठरवला, पण हिगिन्स यांचं मोजमाप टिकलं आणि अनेक दशकं ऑस्ट्रेलियातल्या वेतनाचा पाया बनून राहिलं.

त्या मोजमापात एक मेख होती. कुटुंब पोसतो तो पुरुष, हे गृहीत धरल्यामुळे स्त्रियांचं वेतन पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास ठेवलं गेलं, आणि समान वेतनाचे निकाल यायला १९६९ आणि १९७२ उजाडावं लागलं. मात्र वेतन ठरवणं हे अर्धन्यायिक संस्थेचं काम, ही सवय तिथे मुरली. आजही ‘फेअर वर्क कमिशन’ दरवर्षी सुनावणी घेऊन नवा दर जाहीर करतं. जुलै २०२५ मध्ये तो तासाला २४ डॉलर ९५ सेंट झाला, अर्थात ऑस्ट्रेलियन डॉलर. भरपगारी रजा नसलेल्या हंगामी कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. वयाने लहान कामगारांना मात्र कमी दर. देशोदेशीचे आकडे शेजारी मांडताना ही तळटीप नेहमी गळते.

फ्रान्सने आकडा सूत्राच्या हवाली केला. तिथलं किमान वेतन १९५० मध्ये सुरू झालं, पण पगारवाढीच्या मागे रखडत राहिलं. मे १९६८ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, कारखाने बंद पडले, आणि सरकारने वाटाघाटींत किमान वेतन एका दमात ३५ टक्क्यांनी वाढवायचं मान्य केलं. १९७० मध्ये नवी व्यवस्था आली. आता महागाई ठरावीक टक्क्यापलीकडे गेली की वेतन आपोआप वाढतं, शिवाय कामगारांच्या सरासरी पगाराच्या खऱ्या वाढीतला अर्धा वाटा त्यात मिसळतो. सरकार यापेक्षा जास्त वाढ देऊ शकतं, कमी देऊ शकत नाही. याचा बोजा मालकावर पडू नये म्हणून सरकार कमी पगाराच्या नोकऱ्यांवरचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता माफ करतं. म्हणजे फ्रान्समधल्या किमान वेतनाचा काही भाग अप्रत्यक्षपणे करदाता भरतो. अमेरिकाही कमी कमावणाऱ्याला मदत करते, पण करसवलतीच्या रूपाने, वर्षाकाठी, आणि मुख्यतः मुलंबाळं असलेल्यांना. दोन्हीकडे सरकारी पैसा जातोच. पगाराच्या पावतीवर फक्त एकीकडे दिसतो.

ब्रिटनने हे काम एका समितीकडे सोपवलं. १९०९ मध्ये विन्स्टन चर्चिल व्यापारखात्याचे मंत्री असताना शिवणकाम, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या बनवणं अशा चार धंद्यांसाठी वेतन मंडळं नेमली गेली. ही परंपरा जवळजवळ संपूर्ण १९९३ मध्ये मोडून टाकण्यात आली. सहा वर्षांनी, एप्रिल १९९९ मध्ये, टोनी ब्लेअर यांच्या सरकारने देशभर तीन पौंड ६० पेन्सचा दर आणला. कामगार, मालक आणि अभ्यासक यांच्या प्रतिनिधींचं ‘लो पे कमिशन’ दरवर्षी शिफारस करतं. सुरुवातीला याला विरोध करणाऱ्या हुजूर पक्षाच्याच जॉर्ज ऑस्बर्न यांनी २०१६ मध्ये मोठी उडी मारली, आणि नंतर मध्यक वेतनाच्या दोन तृतीयांशाचं लक्ष्य ठरलं. मध्यक म्हणजे देशातले सगळे पगारदार कमाईच्या क्रमाने उभे केले तर बरोब्बर मधल्याचा पगार. स्विंडनच्या गोदामांत आणि कारखान्यांत पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या हजारो गोंयकारांपैकी बऱ्याच जणांच्या आठवड्याच्या पगाराचा हिशेब या किमान दरापासूनच सुरू होतो.

अर्थशास्त्रज्ञ देशांची तुलना करताना किमान वेतन आणि मध्यक वेतन यांचं हेच गुणोत्तर वापरतात, कारण पौंड आणि डॉलरच्या भावापेक्षा ते जास्त बोलकं आहे. ब्रिटनमध्ये ते दोन तृतीयांशाला टेकलं आहे, फ्रान्समध्ये साठ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि अमेरिकेच्या केंद्रीय दराचं ते तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आहे. याहून वर नेलं तर नोकऱ्या जातील का? १९९२ मध्ये न्यू जर्सीने दर सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेला नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांची पाहणी केली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं आढळलं नाही. १९९४ च्या त्या निबंधावर वाद झडले, प्रतिनिबंध आले, पण पाठ्यपुस्तकातलं सोपं उत्तर हललं ते हललंच. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तेव्हा क्रूगर हयात नव्हते. अर्थात यावरून कितीही वाढवा असा अर्थ काढणारेही घाईच करतात. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये १६.४ टक्के आणि लगेच पुढच्या वर्षी १०.९ टक्के वाढ दिली, तेव्हा छोट्या दुकानदारांनी इतका आरडाओरडा केला की अध्यक्ष मून जे-इन यांना आपलं आश्वासन पाळता न आल्याबद्दल माफी मागावी लागली आणि पुढच्या वाढी आखडत्या घेतल्या गेल्या.

जर्मनी या बाबतीत फार उशिरा जागी झाली. वेतन ठरवणं हा संघटना आणि मालकांचा मामला, सरकारने त्यात नाक खुपसू नये, ही तिथली युद्धोत्तर श्रद्धा. पोलादाच्या आणि मोटारींच्या कारखान्यांतल्या बलाढ्य संघटनांना ती परवडत होती. पण पुनर्एकीकरणानंतर करारांच्या छत्राखालचे कामगार कमी होत गेले. पूर्वेकडच्या न्हाव्याच्या दुकानात, हॉटेलांत, खाटिकखान्यांत कवडीमोल पगार दिसू लागले. हॉटेल कामगारांची संघटना कायदा मागत होती, धातुकामगारांची बलाढ्य संघटना नाक मुरडत होती. २००६ मध्ये कामगार संघटनांच्या महासंघाने अखेर कायद्याची मागणी उचलली आणि १ जानेवारी २०१५ ला साडेआठ युरोचा दर लागू झाला. वाढ ठरवायला मालक आणि कामगारांचा आयोग नेमला. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये ओलाफ शोल्त्स यांच्या सरकारने निवडणुकीतलं वचन पाळायला आयोगाला बगल देऊन संसदेत थेट १२ युरो करून टाकले. त्यानंतर आयोगाने अध्यक्षांच्या मताच्या जोरावर, कामगार प्रतिनिधींचा विरोध डावलून, दोन वर्षं फक्त ४१-४१ सेंटची वाढ दिली. शिक्षणासाठी तिथे गेलेल्या मराठी मुलामुलींना ओळखीची असलेली ‘मिनी जॉब’ नावाच्या छोट्या नोकरीची महिन्याची कमाल कमाईही आता याच दराला बांधलेली आहे.

आशियातल्या श्रीमंतांकडे वळलं तर चित्र आणखी विस्कळीत. जपानमध्ये ४७ प्रांतांचे वेगवेगळे दर आहेत; २०२५ मध्ये टोकियोत १,२२६ येन, तर ओकिनावासारख्या प्रांतांत १,०२३. किमान दरावर काम करणारी म्हणजे घराला हातभार लावणारी गृहिणी किंवा विद्यार्थी, घरचा मुख्य पगार दुसऱ्याचा, या समजुतीने तिथे दर दीर्घकाळ दबून राहिले. सिंगापूरमध्ये सर्वांसाठी एक दर नाहीच. साफसफाई, सुरक्षारक्षक अशा धंद्यांसाठी कौशल्यानुसार पायऱ्या आहेत, आणि त्या स्थानिकांसाठी. भारत-बांगलादेशातून गेलेला बांधकाम मजूर त्या पायऱ्यांवर नाही. हाँगकाँगने २०११ मध्ये कायदा लागू केला आणि मालकाच्या घरी राहून काम करणाऱ्या लाखो परदेशी बायकांना त्यातून वगळलं. त्यांच्यासाठी वेगळा, बराच कमी, मासिक दर आहे. ज्याला मत नाही त्याचा आकडा लहान, ही गोष्ट १९३८ च्या अमेरिकेपासून फार बदललेली नाही.

स्वित्झर्लंडमध्ये आकडा थेट मतपेटीतून निघतो. मे २०१४ मध्ये देशभर तासाला २२ फ्रँक देण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झालं. तो त्या वेळी जगातला सगळ्यात मोठा दर ठरला असता. ७६ टक्के मतदारांनी तो फेटाळला. त्यानंतर प्रांतांनी, म्हणजे कँटननी, स्वतंत्रपणे हात घातला. नूशातेलने आधी, आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिनिव्हाने. जिनिव्हात दोनदा असा प्रस्ताव पडला होता. पण त्या वर्षी टाळेबंदीत जगातल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी एकात फुकट धान्याच्या पिशवीसाठी हजारो लोकांची मैलभर रांग लागली, त्यात घरकाम आणि हॉटेलातली कामं करणारे परदेशी पुष्कळ होते. ५८ टक्के मतदारांनी २३ फ्रँकच्या बाजूने कौल दिला. २०२५ मध्ये तो दर २४ फ्रँक ४८ सेंटीम झाला. त्यावर आता मालक संघटनांचा आक्षेप असा आहे की हॉटेल किंवा केशकर्तनासारख्या धंद्यांत देशभरासाठी केलेल्या सामूहिक करारातला दर याहून कमी आहे, आणि करार हा प्रांताच्या कायद्यापेक्षा वरचढ मानला जावा. तशी दुरुस्ती बर्नच्या संसदेपुढे आली. ती पूर्णपणे लागू झाली तर जिनिव्हातल्या वेटरचा पगार त्याच्याच संघटनेने सही केलेल्या कराराच्या आधाराने खाली आणता येईल, म्हणून तिथल्या संघटना आज सामूहिक कराराच्या विरोधात कायद्याची बाजू लढवत आहेत.